सोसायटी : एका कार्डाच्या प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२५, सोमवार

इंग्रजी-मराठी कोशाच्या ‘एस’ची यादी हातात आली. शब्द किती ते मोजले नाहीत, उगाच धीर खचतो. कोश अकरावी-बारावीच्या मुलांसाठी आहे, म्हणून नियम कडक : एका इंग्रजी शब्दाला एक कार्ड, जास्तीत जास्त तीन प्रतिशब्द, प्रत्येकाला एक वाक्य, सगळं मिळून १२० शब्दांच्या आत. ‘सोप’ आणि ‘सोबर’ सकाळीच उरकले. ‘सोशल’ मुद्दाम मागे ठेवला. ‘सोसायटी’ जेवणानंतर घेतला, तो दहा मिनिटांत संपेल म्हणून. समाज, संस्था, मंडळ. झालं कार्ड.

संध्याकाळी आमच्या संपादक ताईंनी ते परत पाठवलं. शेरा एकाच ओळीचा : “तू स्वतः राहतेस कुठे?”

राहते सोसायटीत. आणि कार्डावर सोसायटीच नाही.

५ मार्च, बुधवार

आज दिवसभर कान उघडे ठेवले. वॉचमन म्हणाला, “सोसायटीनं सांगितलंय, स्विगीवाल्याला लिफ्ट नाही.” समोरच्या काकू म्हणाल्या, “सोसायटीला पाणी नाही आज.” जिन्यात दोन मुलं : “आमच्या सोसायटीत टर्फ आहे.” म्हणजे एकाच शब्दात कमिटी, इमारत आणि आवार, तिन्ही आली. कुठलं कधी, ते बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. मेंटेनन्स वाढला की सोसायटी म्हणजे सेक्रेटरी. पाहुण्यांना पत्ता सांगताना सोसायटी म्हणजे गेट.

फलकावर मात्र ‘सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’ असं लिहिलेलं असतं. कायद्याचं मराठी नावसुद्धा ‘महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०’ असंच आहे. पण ‘मी संस्थेत राहतो’ असं कोणी म्हणून बघावं. ऐकणाऱ्याला आश्रमशाळा वाटेल.

व्याकरणाची टिपणं : स्त्रीलिंगी. सोसायटी, सोसायटीत, सोसायट्या. पाटी-पाट्या, वाटी-वाट्या यांच्या रांगेत मुकाट जाऊन बसलेली आहे. ज्या शब्दाचं अनेकवचन असं न अडखळता होतं त्याला परका म्हणण्यात अर्थ नाही. माझ्या मते कोशात तिला प्रतिशब्द म्हणूनच घ्यायला हवं. ‘सोसायटी म्हणजे सोसायटी’ हे दिसायला विनोदी दिसेल, दिसू दे.

७ मार्च, शुक्रवार

इंग्रजीची बाजू. मूळ लॅटिनमधला ‘सोसिअस’, म्हणजे साथी, जोडीदार. त्यावरून ‘सोसिएतास’, फ्रेंचमधून पुढे इंग्रजीत. म्हणजे पहिला अर्थ सहवास, सोबत. जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांत पाहुणा निघताना यजमान त्याच्या ‘सोसायटी’बद्दल आभार मानतो. तिथे समाज नाही, संस्था नाही, नुसती संगत. तिथून एका उद्देशानं जमलेली माणसं, मग वरच्या थरातली ऊठबस, आणि शेवटी एका देशात-काळात एकत्र जगणारे सगळेच. एवढी लांब वाट एकाच शब्दानं चालून काढली.

मराठीत यातला सोबतीचा अर्थ ‘सोसायटी’बरोबर आलाच नाही. संगत होती, सहवास होता, सोबत होती, उसनं आणायची गरज नव्हती. वरच्या थराचा अर्थ थोडा आला, ‘हाय सोसायटी’ म्हणून, तोही किंचित टोमण्यासकट.

उद्देशानं जमलेल्यांचा अर्थ फार लवकर आमच्या किनाऱ्याला लागला होता. १५७९ साली गोव्यात उतरलेला थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री येशूच्या सोसायटीचा, म्हणजे जेझुइट. १६१६ साली त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ राशोलला छापलं गेलं, मराठी ओव्यांत. जेझुइटांच्या मूळ स्पॅनिश नावात ‘कोम्पान्यिया’ आहे, लॅटिनमध्ये त्याचं ‘सोसिएतास’ झालं. मराठी ख्रिस्ती माणूस आज चर्चमधल्या समुदायाला ‘मंडळी’ म्हणतो. साथी, कंपनी, मंडळी. जेवायला बसलेलीही मंडळी आणि प्रार्थनेला बसलेलीही मंडळीच. ‘सोसिअस’च्या सगळ्यात जवळचा मराठी शब्द हाच, असं मला वाटतं. कार्डावर जागा नाही.

१० मार्च, सोमवार

एक जुनी चूक कबूल करायची आहे. २००७च्या सप्टेंबरात मी एका दैनिकाच्या डेस्कवर रात्रपाळी करत होते. इंग्लंडमध्ये नॉर्दर्न रॉक बँकेच्या शाखांबाहेर ठेवीदारांच्या रांगा लागल्याची बातमी आली. मजकुरात होतं की ही बँक पूर्वी ‘बिल्डिंग सोसायटी’ होती. मी बेधडक लिहिलं, ‘पूर्वाश्रमीची गृहनिर्माण सोसायटी’. सकाळी वृत्तसंपादकांनी विचारलं, “लोक कशाला उभे आहेत, पार्किंगसाठी?”

बिल्डिंग सोसायटीला इमारत नसते. ती सभासदांच्या ठेवी गोळा करून घरासाठी कर्ज देणारी संस्था, आपल्याकडच्या पतसंस्थेची चुलत बहीण. पहिली म्हणून ओळखली जाणारी १७७५ साली बर्मिंगहॅमला एका खानावळीत सुरू झाली. सुरुवातीच्या सोसायट्यांत सभासद दरमहा वर्गणी भरत, जमलेल्या पैशातून एकेकाचं घर होई, आणि सगळ्यांची घरं झाली की सोसायटी विसर्जित. भिशीच की. पुढे या संस्था कायमच्या झाल्या, काही तर बँका झाल्या. नॉर्दर्न रॉक १९९७ साली झाली.

कार्डासाठी इशारा : ‘बिल्डिंग सोसायटी = गृहवित्त संस्था. आपली सोसायटी नव्हे.’ अकरा वर्षं डेस्कवर काढली, पण या चुकीनं शिकवलं तेवढं इतर कशानंच नाही.

१३ मार्च, गुरुवार, होळी

काम नाही. सोसायटीच्या होळीला माणशी १०० रुपये वर्गणी. दोनदा मागायला आले.

१५ मार्च, शनिवार

आजपासून ‘समाज’. हा शब्द सोपा म्हणून शेवटी ठेवला होता आणि तोच सगळ्यांत वाकडा निघाला.

अमरकोशात एक चरण आहे : ‘पशूनां समजोऽन्येषां समाजः’. जनावरांचा तो समज, इतरांचा तो समाज. दोन्ही एकाच ‘अज्’ धातूचे, अर्थ हाकणे. एकत्र हाकलं की कळप. माणूस आणि गुरं यांच्यात फरक फक्त एका कान्याचा. मराठीत समज वेगळ्याच अर्थानं नांदतो. त्यामुळे समाजाला समज नाही, असा विनोद केला की वैयाकरणी हसत नाहीत, बाकीचे हसतात.

अशोकाच्या गिरनारच्या पहिल्याच लेखात ‘न च समाजो कतव्यो’ असं कोरलं आहे. समाज करू नये! राजाला समाजात पुष्कळ दोष दिसतात, असं पुढचं वाक्य. इथे समाज म्हणजे जत्रेसारखा जमाव, खाणंपिणं, खेळ-तमाशे. लगेच पुढे सूटही आहे, काही समाज चांगले असतात म्हणून. एकूण, दोन हजारांवर वर्षांपूर्वी समाज ‘भरत’ होता आणि संपत होता. आजच्यासारखा तो कायमचा पसरलेला नव्हता.

१८ मार्च, मंगळवार

कायमचा पसरलेला तो कधी झाला?

१८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज. १८७३ च्या २४ सप्टेंबरला पुण्यात जोतीराव फुल्यांचा सत्यशोधक समाज. १८७५ साली मुंबईतच आर्य समाज. आठ वर्षांत तीन, आणि त्याआधी बंगालमध्ये ब्राह्मो समाज होताच. या सगळ्या नावांत समाज म्हणजे सभासदांची संघटना, इंग्रजीतली ‘सोसायटी’ जशी. माणूस त्यात जन्मत नाही, विचार पटला तर सामील होतो. सत्यशोधक समाजाचं तर कामच होतं की जन्मावरून ठरलेलं काही मानू नये.

आता आजचा पेपर उघडला. ‘समाजबांधवांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे.’ ‘समाजाचा वधू-वर मेळावा.’ ‘आपल्या समाजातलीच मुलगी हवी.’ २०१६ च्या मोर्च्यांच्या फलकांवर ‘सकल मराठा समाज’. प्रत्येक ठिकाणी समाज म्हणजे जात. कुणाला ते टोचतही नाही. उलट ‘जात’ म्हणणं टाळायचं असलं की सभ्य माणूस ‘समाज’ म्हणतो. ‘तुमचा समाज कोणता?’ हा प्रश्न भाड्यानं घर शोधताना मला तीनदा विचारला गेला आहे. उत्तर ‘भारतीय’ असं दिलं की समोरचा हसतो आणि थांबून राहतो.

इंग्रजीत या जागी ‘कम्युनिटी’ येतं, ‘सोसायटी’ नाही. मग ‘व्यक्तीवर समाजाचा प्रभाव’ हे समाजशास्त्राच्या पुस्तकातलं वाक्य बारावीतल्या मुलीनं कसं वाचायचं? पुस्तकातला समाज सगळ्यांचा असतो, घरातला एकाच्याच जातीचा. तिच्या डोक्यात दोन्ही असणार. कोशानं यातला एकच सांगून मोकळं होणं बरं नाही.

ताईंना फोन केला. म्हणाल्या, “कोश आहे, परिपत्रक नाही. लोक जे म्हणतात ते लिही.” मग थोड्या वेळानं : “पण १२० शब्दांत.”

२० मार्च, गुरुवार

शिक्षणसंस्थांची नावं काढून बसले. इंग्रजी ‘सोसायटी’ला मराठीनं काय काय उत्तरं दिली, ते इथे एका नजरेत दिसतं. १८६० ची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी, बोलण्यात मएसो. १८८४ ची डेक्कन एज्युकेशन सोसायटी. १८८८ ची शिक्षण प्रसारक मंडळी. नाशिकचा १९१४ चा मराठा विद्या प्रसारक समाज. कर्मवीरांची १९१९ ची रयत शिक्षण संस्था. बाबासाहेबांची १९४५ ची पीपल्स एज्युकेशन सोसायटी. काम एकच, शाळा-कॉलेजं काढणं. पण सोसायटी, मंडळी, समाज, संस्था असे चार शब्द. नाशिकच्या नावात ‘समाज’ आहे तो इंग्रजी सोसायटीचा शब्दशः अनुवाद, पण शेजारी ‘मराठा’ असल्यानं आज वाचणारा तो दुसऱ्या अर्थानं वाचायची शक्यता दाट.

गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात ‘सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी’ काढली. मराठीत भारत सेवक समाज. १९५२ साली सरकारच्या पुढाकारानं दिल्लीत आणखी एक भारत सेवक समाज निघाला, त्याचं इंग्रजी नावही भारत सेवक समाजच. दोघांची गल्लत करणारे लेख मी स्वतः तपासलेले आहेत.

मुंबईची १८०४ ची लिटररी सोसायटी पुढे एशियाटिक सोसायटी झाली. पण आपण म्हणतो ‘एशियाटिकच्या पायऱ्या’. सोसायटी गळून पडली. माझा एक कच्चा सिद्धांत : जी सोसायटी ज्ञान देते तिच्या नावातला तो शब्द मराठी माणूस खाऊन टाकतो, जी पैसे कापते तिच्या नावात तेवढाच शब्द उरतो. ताईंना सांगितला नाही.

२३ मार्च, रविवार

काल सातारा जिल्ह्यात मामांकडे. मामा तीस वर्षं गटसचिव होते, म्हणजे विकास सोसायटीचे सचिव. शब्दाची इतकी माहिती दुसऱ्या कोणाकडे असणार नाही.

गावात सोसायटी म्हणजे इमारत नव्हे. पूर्ण नाव ‘विविध कार्यकारी सहकारी सेवा सोसायटी’. जिल्हा बँक सोसायटीला पैसे देते, सोसायटी सभासदाला पीककर्ज देते. मार्च संपायच्या आत ते भरायचं. वेळेत भरलं तर तीन लाखांपर्यंतच्या कर्जाला शून्य टक्के व्याज पडतं. उशीर झाला की सवलत गेली आणि माणूस थकबाकीत. त्यामुळे या आठवड्यात गावात सगळ्यांच्या तोंडी एकच : “सोसायटी भरली का?”

मामांनी जुनी खतावणी दाखवली. लाल कापडाची बांधणी, कडेला वाळवीनं केलेली नक्षी. प्रत्येक सभासदाच्या पानावर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जमा, आणि एप्रिलमध्ये जवळजवळ तेवढंच नावे.

“हे काय मामा? लोक भरतात आणि लगेच परत घेतात?”

“नवं-जुनं म्हणत्यात त्याला. कुणाकडनं तरी आठ दिवसांसाठी हातउसनं आणायचं, सोसाटीत भरायचं, नवं कर्ज उचललं की त्याचं त्याला देऊन टाकायचं. शेतकऱ्याकडं मार्चमध्ये पैसा येतोय कुठनं?”

“मग आठ दिवसांचं व्याज?”

“ते घेनारा घेतोच की. शून्य टक्के सरकारी, वरचं खाजगी.” मामी आतून म्हणाल्या, “सोसायचं म्हनून तर सोसाटी.”

मामांच्या तोंडी कायम ‘सोसाटी’. ‘सोसाट्यां’च्या निवडणुका म्हणाले तेव्हा क्षणभर मला वारा आठवला. तसा तो सुटतोच. गावची सोसायटी जिंकणं म्हणजे नुसतं कर्जवाटप हातात येणं नव्हे. बाजार समितीच्या निवडणुकीत सोसायट्यांचा वेगळा मतदारसंघ असतो आणि तिथे सोसायट्यांचे संचालक मत देतात. जिल्हा बँकेच्या संचालक मंडळावरही सोसायटी गटातून माणसं जातात. आमदारकीची वाट बऱ्याच जणांची या खतावणीवरून गेलेली आहे. ऊसवाल्यांचं तर कारखाना बिलातूनच सोसायटी कापून घेतो. ‘सोसायटी कापली’ हे वाक्य शिक्षक मामेभावाच्या पगारपत्रकालाही लागू. त्याची सोसायटी म्हणजे शिक्षकांची पतसंस्था. एका घरात दोन सोसायट्या, आणि मी धरून तीन.

निघताना मामांनी विचारलं, “तुझ्या पुस्तकात आमची सोसाटी येनार का?” हो म्हणून आले. आता १२० शब्दांचं काय करायचं ते बघू.

२६ मार्च, बुधवार

समाज आणि सोसायटी हे दोन वेगळे रस्ते, असं कार्डावर लिहून ठेवलं होतं. आज ते खोडलं.

भारतातली पहिली सहकारी गृहनिर्माण सोसायटी म्हणून गावदेवीतली सारस्वत सोसायटी ओळखली जाते, साल १९१५. श्रीपाद सुब्राव तळमकी यांचा त्यात मोठा वाटा. नावातच आहे की ती कुणासाठी. मुंबईत नोकरीला आलेल्या एका समाजानं आपल्या लोकांना परवडणारी घरं म्हणून ती काढली. म्हणजे घरांची सोसायटी जन्मली तीच समाजाच्या पोटी.

२००५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे अहमदाबादच्या झोरास्ट्रियन सोसायटीचं प्रकरण होतं. फक्त पारशांनाच सभासद करू, असं तिच्या उपविधीत. न्यायालयानं ते चालवून घेतलं. संघटना करण्याच्या स्वातंत्र्यात आपल्यासोबत कोण असावं हे ठरवण्याचं स्वातंत्र्यही येतं, असा सूर. निकाल मला आवडत नाही. पण शब्दाच्या दृष्टीनं बघितलं तर ‘सोसिअस’कडेच परत आलो : साथी कोण, ते मी ठरवणार. लॅटिनमध्ये ते गोड वाटतं. घर भाड्यानं शोधताना वाटत नाही.

२८ मार्च, शुक्रवार

उदाहरणवाक्यं निवडायची म्हणून मार्गारेट थॅचर यांचं १९८७ च्या मुलाखतीतलं वाक्य घेतलं. समाज असं काही नसतंच, असतात ते पुरुष, बायका आणि कुटुंबं, असा त्याचा आशय. घरी वाचून दाखवलं. मामेभाऊ आला होता, म्हणाला, “आमच्याकडे कोणी असं बोललं तर समाज मोर्चा काढेल.” तोही वेगळाच समाज. आणि समाजाच्या जागी सोसायटी घातली तर? ‘सोसायटी असं काही नसतंच’, हे फक्त कन्व्हेयन्स, म्हणजे जागेची मालकी सोसायटीच्या नावे करणारा दस्त, न मिळालेला सभासद बोलेल.

२०११ चं ‘सिव्हिल सोसायटी’ही आठवलं. अण्णा हजाऱ्यांच्या उपोषणानंतर लोकपालाच्या मसुदा समितीत पाच मंत्री आणि पाच सिव्हिल सोसायटीचे, असं छापून येत होतं. कुणी ‘नागरी समाज’ लिहायचं, पण ते रुळलं नाही. मामांना तेव्हा वाटलं होतं सिव्हिल हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्यांची पतसंस्था. चूक म्हणवत नाही. साताऱ्यात सिव्हिल म्हणजे तेच, आणि सोसायटी म्हणजे ते.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

कार्ड लिहिलं. १७३ शब्द. तीन प्रतिशब्द असे : १. समाज (सगळे लोक. बोलण्यात जात असाही अर्थ, संदर्भ पाहावा). २. संस्था, मंडळ, मंडळी (हे तिघं मी एकात कोंबले, दंड भरायला तयार आहे). ३. सोसायटी (शहरात घरांची, गावात कर्जाची, नोकरीत पगारातून कापली जाणारी). खाली बिल्डिंग सोसायटीचा इशारा. सोबतीचा अर्थ एका ओळीत, ‘जुन्या इंग्रजीत’ म्हणून.

तिसऱ्याला वाक्य उरलं आहे.

१ एप्रिल, मंगळवार

सकाळी मामांचा फोन : काल दुपारपर्यंत गावातल्या दोघांशिवाय सगळ्यांनी भरली. मामा निवृत्त आहेत, तरी आकडा त्यांनाच आधी कळतो. फोन ठेवला आणि वाक्य लिहून कार्ड पाठवलं : ‘मामांनी सोसायटी भरली.’

पाच मिनिटांत ताईंचा शेरा. वाक्य धरून १७६ शब्द झाले, त्याबद्दल चकार नाही. विचारलंय एवढंच : “भरली म्हणजे? फ्लॅट सगळे गेले का?”

ताई जन्मापासून दादरच्या. वाक्यापुढे कंसात ‘कर्ज फेडलं’ घातलं. आता १७८.